कुणी अडवलंय का? नाही. मग मी हलत का नाहीये?

अडकित्ता४७ | ३ नोव्हेंबर, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. कित्येक वर्षं रोमात (म्हणजे नुसतं वाचत) आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

वय ४७, राहणार सांगली, शिक्षण बीकॉम. २००८ पर्यंत मार्केट यार्डात एका हळदीच्या पेढीवर अकाउंट्स बघायचे. शेतकऱ्यांच्या मालाच्या पट्ट्या, बँक रिको (बँकेच्या स्टेटमेंटशी हिशोब जुळवणं), व्हॅटची रिटर्न सगळं माझ्या हातून जायचं. मग मुलगा लहान, मग सासऱ्यांचं आजारपण, "वर्षभर थांब" म्हणता म्हणता सतरा वर्षं झाली. मुलगा ऑगस्टमध्ये पुण्याला इंजिनिअरिंगला गेला. त्याला होस्टेलवर सोडून आलो त्या दिवशी नेहमीच्या सवयीने चौघांची कणीक मळली आणि तशीच परातीकडे बघत बसले.

तेव्हापासून ठरवतेय की परत काम सुरू करायचं. पलंगाच्या पेटीत माझी निळी फाईल आहे, त्यात मार्कशीटं आणि पेढीवरचं अनुभवाचं पत्र. तीन वेळा काढली, पुसली, परत ठेवली. मोबाईलमध्ये जीएसटीच्या कोर्सचे अठरा स्क्रीनशॉट आहेत. एका कोर्सला १४९९ रुपये भरले पण. पहिला व्हिडिओ ११ मिनिटं बघितला, कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले ते आज सात आठवडे झाले.

नवरा चांगला आहे हो. म्हणतो, "कर की, तुला कुणी अडवलंय का?" हीच तर गोची आहे. कुणी अडवलं असतं तर भांडता तरी आलं असतं. कुणीच अडवलेलं नाही आणि तरी मी जागची हलत नाही, म्हणजे दोष माझाच ना? आळस म्हणावा तर दिवसभर बसायला मिळत नाही. भीती म्हणावी तर कशाची तेही सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं झालंय का, आणि त्यातून बाहेर कसं पडलात?

टवाळ_टिल्लू | ३ नोव्हेंबर, ११:५२

मी पयला! आयडी एक नंबर. अडकलेली असून अडकित्ता. सुपारी कोण देणार?

वाईची_नीता | ४ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

अगं माझंच लिहिलंयस की सगळं, फक्त कणकेच्या जागी माझ्याकडे दुधाची पिशवी. दोन लिटरचं एक लिटर करायला मला चार महिने लागले, तोपर्यंत रोज उरलेल्या दुधाचं दही आणि दह्याची कढी. नंतर सविस्तर लिहिते, आता सातची एसटी आहे.

सदूभाऊ | ४ नोव्हेंबर, ९:३०

ताई, राग मानू नका पण एक विचारतो. मुलगा मार्गी लागला, यजमान कमावते आहेत, घरात काही कमी नाही. मग ही दगदग कशासाठी? इतकी वर्षं केलंत, आता जरा निवांत रहा. अष्टविनायक करा, वाचन करा. बदल हवा हा हट्ट सोडला की अडकल्याची भावनाही जाते, असा माझा अनुभव.

राधक्का | ४ नोव्हेंबर, ९:४१

सदूभाऊ, रिटायर झाल्यावर तुम्ही किती दिवस निवांत राहिलात?

सदूभाऊ | ४ नोव्हेंबर, १०:१५

दोन महिने. मग सोसायटीचा सेक्रेटरी झालो.

राधक्का | ४ नोव्हेंबर, १०:१६

बरं.

टवाळ_टिल्लू | ४ नोव्हेंबर, १०:२०

त्या "बरं"मध्ये अख्खा धागा आला. पॉपकॉर्न घेऊन बसतो.

चकलीचा_सोऱ्या | ४ नोव्हेंबर, ११:०५

अडकित्ता ताई, नोकरीच कशाला हवी? घरच्या घरी काहीतरी सुरू करा ना. सांगलीत डब्यांना मागणी आहे, विश्रामबागेत क्लासची किती मुलं राहतात. लिज्जतचंच बघा, १९५९ साली गिरगावातल्या गच्चीवर ८० रुपये उसने घेऊन सुरुवात केली होती त्या बायकांनी.

पोळपाट | ४ नोव्हेंबर, दुपारी ३:४०

सोऱ्या, तुझ्यावर राग नाही, पण हे वाक्य मी गेली काही वर्षं ऐकतेय म्हणून आज सगळं लिहूनच टाकते.

मी २०२१ मध्ये पोळीभाजी केंद्र सुरू केलं, तेव्हा ४९ वर्षांची होते. कारण तेच, सगळे म्हणायचे तुझ्या हाताला चव आहे. फूड लायसनचं साधं रजिस्ट्रेशन तेव्हा वर्षाला १०० रुपयांत झालं, तो भाग अगदी सोपा. पुढचं ऐका. पहाटे साडेचारला उठायचं. रोजच्या दोनशे पोळ्या, एक मदतनीस होती ती महिन्यातून सहा दिवस दांडी मारायची. उजव्या मनगटाला पट्टा लागला तो आजही आहे. आणि घरचा स्वैपाक सुटला का? छे! घरचे म्हणायचे दोनशे करतेच आहेस तर आमच्या आठ काय जड आहेत. दीड वर्षात बंद केलं.

बाई काहीतरी बदल हवा म्हणते तेव्हा तिला परत ओट्यापाशीच का नेऊन उभं करतात लोक? तिने हळदीच्या पेढीचे हिशोब बघितलेत, तिला डबे का सुचवायचे? आणि लिज्जतचं म्हणशील तर त्या गच्चीवर सात जणी होत्या. सात. एकीचा हात दुखला तर बाकी सहा होत्या. एकटीने घरी पापड लाटणं वेगळं.

ज्यांना खरंच आवड आहे त्यांनी जरूर करा. मला नव्हती, मला फक्त घराबाहेर पडायचं होतं, आणि मी घराचाच कारखाना करून बसले.

चकलीचा_सोऱ्या | ४ नोव्हेंबर, ४:०२

मावशी मान्य. शब्द मागे घेतो. (आता काय करता तुम्ही?)

पोळपाट | ४ नोव्हेंबर, ४:३०

एका डेंटिस्टकडे रिसेप्शनला बसते, चार ते आठ. खुर्ची आहे, पंखा आहे, आणि कुणी मला भूक लागली म्हणत नाही.

संत्रानगरी | ४ नोव्हेंबर, रात्री ८:२५

मी थोडं कडू बोलते, सांभाळून घ्या. माझे मिस्टर गेले तेव्हा मी ४१ ची होते, दोन मुली. मला अडकल्यासारखं वाटायला वेळच नाही भेटला बाप्पा. चौदाव्या दिवशी मी एका कपड्याच्या दुकानात काउंटरवर उभी होती, जाऊबाईची चप्पल घालून, कारण माझी तुटलेली. तुम्ही लोक फाईल काढून पुसता आणि परत ठेवता, कारण महिन्याच्या शेवटी काही अडत नाही. पैशाची गरज आली ना की पाय आपोआप चालतात. हे दुःख म्हणजे पोट भरलेल्यांचं आहे.

अडकित्ता४७ | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५०

संत्रानगरी, तुमचं वाचून दहा मिनिटं काही लिहवेना. खरं आहे, माझं अडत नाहीये. पण अडत नाहीये म्हणूनच मला तोंड उघडायचीही लाज वाटते, हेही खरं. काल भाजी घ्यायला गणपती पेठेत गेले, शंभर रुपये कमी पडले तर नवऱ्याला फोन करून पाठवायला सांगितले. तो लगेच पाठवतो, कधी विचारतही नाही कशाला. आणि तरी फोन ठेवल्यावर मला कसंतरीच झालं. एकेकाळी पेढीची लाखाची कॅश मी मोजून सही करून देत होते.

संत्रानगरी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:००

हे आधी लिहायचं ना. हे समजते मला.

डॉक्टरीणबाई | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१५

अवांतर वाटेल पण नाही. ४५ ते ५० च्या बायका माझ्याकडे "मन लागत नाही, काही सुरू करवत नाही, रात्री तीनला जाग येते, विसरायला होतं" असं सांगत येतात आणि लगेच स्वतःच म्हणतात, मी आळशी झालेय. आपल्याकडे पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे, आणि त्याआधीची काही वर्षं हॉर्मोन्स वरखाली होत असतात. झोप, मूड, एकाग्रता सगळ्यावर परिणाम होतो. त्यात हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड बिघडलेलं, शाकाहारी असाल तर बी-१२ कमी, यातलं एखादं सापडतंच असं नाही पण बघायला हवं. एकदा तपासून घ्या, इथे विचारून गोळ्या घेऊ नका. आणि खूपच उदास वाटत असेल, रडू येत असेल तर तेही सांगा, त्यावरही उपचार आहेत.

सगळंच हॉर्मोन्सवर ढकलत नाहीये. पण सहा हिमोग्लोबिनवर चालणाऱ्या बाईला "इच्छाशक्ती वाढव" म्हणणं मला पटत नाही.

राधक्का | ५ नोव्हेंबर, २:४०

सहा?!

डॉक्टरीणबाई | ५ नोव्हेंबर, २:४४

सहा. स्वतः चालत आली होती, मुलाच्या ॲडमिशनची धावपळ करून. मला म्हणाली जरा दम लागतो.

शुभा_न्यूजर्सी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आमच्याकडचा वेगळाच प्रकार सांगते. मला खरंच अडवलेलं होतं, कागदोपत्री. एच-४ व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामागे बायकोला मिळतो त्यावर आले, नोकरी करायला बंदी. अकरा वर्षं. मी सगळ्यांना सांगायचे, परमिट मिळू दे मग बघा. २०१५ च्या मे मध्ये एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळायला लागलं, नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम पुढे गेलेलं असल्याने मी नियमात बसत होते, परमिटचं कार्ड हातात आलं. आणि मी ते कार्ड ड्रॉवरमध्ये ठेवून आठ महिने काही केलं नाही! रोज नवीन कारण. तेव्हा कळलं की अडवणारा माणूस गेला तरी थांबायची सवय जात नाही लगेच.

बाहेर कशी पडले तर फार काही शूरपणा नाही. मुलीच्या शाळेत जेवणाच्या सुट्टीत मुलांवर लक्ष ठेवायला बाई हवी होती, दिवसाला दोन तास. एमएस्सी केमिस्ट्री असून मी दुधाचे खोके फोडून देत होते. पण कुणीतरी बारा वाजता माझी वाट बघत होतं. आता त्याच शाळेत विज्ञानाच्या लॅबमध्ये असते.

टवाळ_टिल्लू | ५ नोव्हेंबर, ९:४५

थट्टा बाजूला. ही "कुणीतरी वाट बघतंय" वाली गोष्ट आईला लागू पडली होती. स्वतःसाठी फिरायला कधी गेली नाही, पण शेजारच्या काकू सकाळी खालून हाक मारायला लागल्यावर सहा वर्षं खाडा नाही. काकू गावाला गेल्या की आई घरी.

वाईची_नीता | ६ नोव्हेंबर, सकाळी ६:३०

सविस्तर लिहिते म्हणाले होते. मी दहावी नापास. आमच्या वेळी त्यावर शिक्का बसायचा, मी तो पंचवीस वर्षं मिरवला. २०११ साली मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारीचा कोर्स केला, मग बीए. पुस्तकं डाळीच्या डब्यांमागे ठेवायचे कारण जावा हसायच्या. आता साताऱ्याला एका संस्थेत जाते, बचत गटांचे कागद बघायला. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट झालं तेव्हा आमच्या गाडीतल्या आम्ही सगळ्याजणींनी पेढे वाटले होते, कंडक्टरला पण.

मला विचाराल तर तो कोर्स संपवायच्या नादी लागू नका. मोबाईलवरचा कोर्स म्हणजे घरातच ना, आणि घरात कुकर आहे. माझा अभ्यास फक्त शनिवार-रविवारी केंद्रावर व्हायचा. घरी एक पान नाही.

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, दुपारी १:००

आता माझ्या धंद्यातलं आलं म्हणून लिहितो. मी जीएसटीची कामं करतो, छोट्या शहरात ऑफिस आहे. अडकित्ता ताई, तुम्हाला वाटतंय की २००८ आणि आत्ता यात फार मोठी दरी आहे. काही बाबतीत आहे. हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही टॅली ९ वर असाल, आता टॅलीप्राइम आहे. व्हॅट गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. पण ज्याला व्हॅटचा सेट-ऑफ (खरेदीवरचा कर वजा करून घेणं) कळत होता त्याला जीएसटीतलं इनपुट क्रेडिट शिकवावं लागत नाही, फक्त पोर्टल दाखवावं लागतं. आमच्याकडे पोर्टल येणारी पोरं पुष्कळ आहेत, पण बँक रिको जुळत नसताना शांतपणे बसून ९० रुपयांचा फरक शोधणारं माणूस मिळत नाही.

आमचा महिना असा असतो. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-१ (विक्रीचं रिटर्न), १४ ला टूबी (विकणाऱ्यांनी दाखवलेल्या बिलांची पोर्टलवरची यादी) येतं त्याच्याशी खरेदी जुळवायची, २० ला थ्रीबी (कर भरायचं रिटर्न). कुठल्याही प्रॅक्टिशनरकडे ५ ते २० तारखेला जा, तो डोक्याला हात लावून बसलेला असतो. फोन करून "जागा आहे का" विचारू नका, नाहीच म्हणेल. ६ तारखेला जाऊन सांगा, "वीस तारखेपर्यंत व्हाउचर एंट्री करून देते." एक महिना पैशाशिवाय बसायची तयारी ठेवा.

पोळपाट | ६ नोव्हेंबर, १:२०

पैशाशिवाय का? सतरा वर्षं फुकटच केलं ना तिने.

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, १:३५

अहो शिकण्याचा काळ असतो, सीएच्या पोरांना आर्टिकलशिपलाही स्टायपेंड किरकोळच मिळतो.

राधक्का | ६ नोव्हेंबर, १:५०

किरकोळ असतो पण असतो. डोक्याला हात लावून बसलेल्या माणसाचा हात डोक्यावरून काढून देणार असेल तर पैसे घ्यावेत. अडकित्ता, पाचशे घे पण घे. फुकट बसलीस तर घरी म्हणतील, एवीतेवी फुकटच आहे, आज नको जाऊस, आत्या येतायत.

वाईची_नीता | ६ नोव्हेंबर, १:५८

राधक्कांना हजार वेळा अनुमोदन. आत्या नेहमी अकरालाच येतात.

आकडेमोड | ६ नोव्हेंबर, २:३०

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मागे घेतो. ठरवूनच घ्या.

सदूभाऊ | ६ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:००

एक कबूल करतो. काल हा धागा मंडळींना वाचून दाखवला. माझा प्रतिसाद वाचल्यावर ती म्हणाली, "मला १९९४ मध्ये बँकेचं प्रमोशन आलं होतं रत्नागिरीला, तेव्हाही तुम्ही अष्टविनायकच म्हणाला होता." मला आठवतही नव्हतं.

राधक्का | ६ नोव्हेंबर, ६:०४

केलेत का अष्टविनायक?

सदूभाऊ | ६ नोव्हेंबर, ६:२०

पाच झाले. तीन राहिलेत.

*(मधले आठ-दहा प्रतिसाद अष्टविनायकाचा क्रम, थेऊरला गाडी कुठे लावायची आणि ओझरच्या जेवणावर गेले. ते वगळून खाली या. – टिल्लू)*

अडकित्ता४७ | १० फेब्रुवारी, दुपारी ३:२०

आहे का कुणी धाग्यावर? तीन महिने झाले, काहीजणांनी खरडवहीत विचारलं म्हणून लिहितेय.

आधी रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ९.४, बी-१२ तळाला. डॉक्टरीणबाई, तुमचे आभार मानायचे राहिले होते. गोळ्या-इंजेक्शनं चालू झाली, आणि महिन्याभराने एकदा दुपारी लक्षात आलं की आज मी जेवणानंतर आडवी झालेच नाही.

६ डिसेंबरला निळी फाईल घेऊन यार्डाजवळच्या एका टॅक्सवाल्यांकडे गेले. दाराबाहेर दोनदा चप्पल काढली, घातली. शेवटी एक हमाल म्हणाला, "मावशी, आत जा की, आमची वाट अडलीया." म्हणजे शेवटी मीच कुणालातरी अडवलं तेव्हा आत गेले!

त्यांनी फाईल उघडलीच नाही. म्हणाले, टॅली येतं का, बसा. कॉम्प्युटरसमोर बसले, स्क्रीन सगळा अनोळखी, रंग वेगळे, घशाला कोरड. आणि समोरच्या गठ्ठ्यातलं पहिलं व्हाउचर पेमेंटचं होतं. माझं बोट आपसूक एफ-५ वर गेलं. नंतरचं रिसीट, एफ-६. जर्नलला एफ-७. मला कुणी विचारलं असतं कुठली की दाबायची तर सांगता आलं नसतं, पण हाताला माहीत होतं. डोळ्यात पाणी आलं ते चष्मा पुसायच्या निमित्ताने पुसलं.

फार गोड करून सांगत नाही. दुसऱ्याच आठवड्यात निजामाबादच्या व्यापाऱ्याचं बिल मी सीजीएसटी-एसजीएसटीत टाकलं. परराज्यातला माल, आयजीएसटी हवा होता. चोवीस वर्षांच्या पोराने सगळ्यांसमोर दाखवून दिलं, "काकू, हे व्हॅट नाहीये." रात्री ठरवलं, उद्यापासून जायचं नाही. सकाळी उठून गेले कारण १४ तारीख होती आणि माझ्याकडच्या तीन पार्ट्यांचं टूबी जुळवायचं होतं. शुभाताई, बारा वाजता वाट बघणारं कुणीतरी म्हणालात ना, माझ्याकडे टूबी वाट बघत होतं.

पैसे: राधक्का, पहिल्या महिन्याला तीन हजार मागून घेतले. आता अकरा ते चार, सात हजार. यात घर चालत नाही हे मला माहीत आहे, संत्रानगरी. पण मागच्या आठवड्यात गणपती पेठेत शंभर कमी पडले नाहीत.

घरी सगळं सुरळीत नाही. सासूबाईंना अकराचा चहा एकटीने घ्यावा लागतो, त्यांना ते आवडलेलं नाही, आणि त्यांच्या जागी मलाही आवडलं नसतं. थर्मास भरून ठेवते, त्या चारपर्यंत तो तसाच ठेवतात, मला दिसावा म्हणून. नवरा अजूनही म्हणतो "कुणी अडवलंय का", पण मागच्या महिन्यात २० तारखेच्या गडबडीत डब्यात ब्रेड-जाम दिला तर संध्याकाळी डबा धुऊन ठेवला होता त्याने. काही बोलला नाही. मीही नाही बोलले.

आणि तो १४९९ चा कोर्स अजून ११ मिनिटांवरच आहे.

संत्रानगरी | १० फेब्रुवारी, ४:००

मस्त वं बाई. पैशे वेगळ्या खात्यात टाकजो.

पोळपाट | १० फेब्रुवारी, ४:१२

थर्मास वाचून हसू पण आलं आणि पोटात कालवलं पण. खुर्चीला पाठ आहे ना टेकायला? नसेल तर आत्ताच माग.

टवाळ_टिल्लू | १० फेब्रुवारी, ४:२०

हमालाला भारतरत्न द्या.

अडकित्ता४७ | १० फेब्रुवारी, ४:३५

हाहा. बरं पळते, उद्या ११ तारीख आहे आणि एका पार्टीची बिलं अजून आली नाहीत. तो माणूस दुपारी झोपतो, आता उठला असेल, फोन करते.

सदूभाऊ | १० फेब्रुवारी, ५:०५

अभिनंदन ताई. एक विचारायचं होतं. आमच्या सोसायटीचे हिशोब दोन वर्षं जुळत नाहीयेत, मीच लिहितो. ऑनलाइन बघून द्याल का? मानधन देऊ.

राधक्का | १० फेब्रुवारी, ५:०६

किती?